बोट न दाखवता सांगायचे: इमारतीतील बदलांच्या इंग्रजी प्रश्नाचा आढावा

सिल्वासात वाढलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला 'इथे पूर्वी काय होते?' असे विचारले, की तो हात लांब करून सांगू लागतो. हा रस्ता तेव्हा एवढा रुंद नव्हता, त्या कोपऱ्यावर शेत होते, ती इमारत नंतर उठली, नदी मात्र आहे तिथेच आहे. दमणगंगेकाठच्या या गावाने बदल पुष्कळ पाहिले. 2 ऑगस्ट 1954 रोजी इथला पोर्तुगीज अंमल संपला. 11 ऑगस्ट 1961 रोजी दादरा आणि नगर हवेली भारतात विलीन झाले. पुढे कारखाने आले. 2018 मध्ये स्मार्ट सिटी योजनेच्या यादीत सिल्वासाचे नाव लागले आणि 26 जानेवारी 2020 पासून हा प्रदेश दमण व दीवबरोबर एकच केंद्रशासित प्रदेश झाला. आधी काय होते, आता काय आहे आणि मधल्या काळात काय टिकले, हे सांगण्याची सवय इथल्या माणसाला उपजत आहे.

हीच गोष्ट आयेल्ट्स या इंग्रजी परीक्षेत विचारली जाते. समोर एखाद्या वाचनालयाचे, शाळेचे किंवा क्रीडासंकुलाचे दोन आराखडे असतात: एक जुना, एक नवा. त्यांतील मुख्य बदल वीस मिनिटांत किमान 150 शब्दांत लिहायचे असतात. इथे हात लांब करता येत नाही. 'ते बघा, तिथे' असे म्हणता येत नाही. बोटाचे सगळे काम शब्दांनी करायचे असते, तेही परक्या भाषेत. परदेशी शिक्षणासाठी निघालेली आपली मुले आलेख आणि तक्त्यांची तयारी मन लावून करतात, पण दोन आराखडे समोर आले की गोंधळतात. हा प्रश्न आला कुठून, तपासणारा त्यात काय शोधतो, मराठी मुलांचे पाय नेमके कुठे अडखळतात आणि शिकवणाऱ्यांनी काय करावे, याचा हा आढावा.

प्रश्नाचे कूळ

आयेल्ट्सचे मूळ ब्रिटनमध्ये 1980 साली सुरू झालेल्या ईएलटीएस या परीक्षेत आहे. 1989 मध्ये ती आजच्या नावाने आली. ब्रिटिश कौन्सिल, आयडीपी आणि केंब्रिज या तीन संस्था ती चालवतात. सुरुवातीला विद्यार्थ्याच्या अभ्यासशाखेप्रमाणे वाचनाचे आणि लेखनाचे वेगवेगळे भाग असत. 1995 च्या फेरबदलात ही शाखानिहाय विभागणी गेली आणि उच्च शिक्षणासाठी जाणाऱ्या सर्वांना एकच सामायिक भाग आला. अभियांत्रिकीचा विद्यार्थी असो की इतिहासाचा, दोघांनाही झेपेल असा मजकूर त्यामुळे आवश्यक ठरला. आलेख, तक्ता, प्रक्रियेची आकृती, नकाशा आणि आराखडा ही त्या अर्थाने सर्वांची सामायिक भूमी आहे.

लेखनाच्या एका तासात दोन कामे असतात. पहिले काम चित्ररूप माहितीचे वर्णन, दुसरे किमान 250 शब्दांचा निबंध. निबंधाचे वजन पहिल्या कामाच्या दुप्पट. म्हणजे आराखड्याचा प्रश्न आला, तर लेखनाच्या एकूण गुणांचा एक तृतीयांश भाग त्यावर अवलंबून असतो. स्थलांतर किंवा नोकरीसाठी जी जनरल ट्रेनिंग शाखा आहे, तिच्यात या जागी पत्र असते. हा प्रश्न फक्त अकॅडेमिक शाखेचा.

आराखडा या परीक्षेत आणखी एका वाटेने भेटतो. श्रवणाच्या भागात बोलणाऱ्याचे ऐकून नकाशावर जागा ओळखण्याचा प्रश्न असतो. 2009 मध्ये सुरू झालेल्या पीटीई अकॅडेमिक या पिअर्सनच्या परीक्षेत चित्र पाहून बोलायचे असते. तयारीला 25 सेकंद आणि बोलायला 40 सेकंद मिळतात, आणि त्या चित्रांत नकाशे व आराखडेही असतात. जागा शब्दांत पकडणे हे कौशल्य एका प्रश्नापुरते नाही, हे यावरून दिसते.

तपासणारा काय पाहतो

मूल्यमापनाचे निकष जाहीर आहेत आणि ते चार आहेत: विचारलेले काम किती पुरे झाले, मांडणी किती सुसंगत आहे, शब्दसंपदा कशी आहे, आणि व्याकरणाची विविधता व अचूकता किती आहे. चारही निकषांना सारखेच वजन आहे. गुण 0 ते 9 च्या पट्टीवर दिले जातात.

यातला पहिला निकष या प्रश्नात निर्णायक ठरतो. त्याच्या वर्णनात एका गोष्टीवर सारखा भर आहे: समग्र चित्र. तपशील एकामागून एक यांत्रिकपणे मांडले आणि एकूण काय घडले हे कुठेच सांगितले नाही, तर उत्तर पाचव्या पट्टीच्या आसपास घुटमळते. सातव्या पट्टीसाठी स्पष्ट समग्र चित्र लागते. चांगले इंग्रजी असूनही अनेकांचे गुण इथे अडतात. त्यांनी सगळे लिहिलेले असते, पण नजर एकदाही मागे घेतलेली नसते.

एक कल्पित वाचनालय घेऊ. जुन्या आराखड्यात प्रवेशद्वार दक्षिणेला आहे. मधोमध पुस्तकांच्या देवघेवीचे टेबल, पश्चिमेच्या भिंतीलगत कपाटांच्या रांगा, ईशान्य कोपऱ्यात वर्तमानपत्रांची खोली आणि आग्नेय कोपऱ्यात कोठार. नव्या आराखड्यात प्रवेशद्वार आणि कपाटे जागच्या जागी आहेत. टेबल मधून उठून दाराशेजारी गेले. वर्तमानपत्रांच्या खोलीत संगणक आले. कोठार उत्तरेकडे वाढवून त्याची मुलांची खोली झाली.

दुबळे उत्तर इथे खोली-खोलीची यादी करते: आधी हे होते, आता ते आहे, आधी ते होते, आता हे आहे. चांगले उत्तर आधी दोन गोष्टी सांगते. पहिली, पश्चिम बाजू आणि प्रवेशद्वार तसेच राहिले. बदल मध्यभागी आणि पूर्वेकडे झाले. दुसरी, वाचनालयात संगणकांसाठी आणि मुलांसाठी आता स्वतंत्र जागा आहे. एवढे सांगितले की वाचकाच्या मनात चौकट उभी राहते. मग तपशील आपापल्या जागी बसतात.

इथे एक पथ्य आहे. बदल का झाले असावेत, ते चांगले की वाईट, हे लिहायचे नाही. वर्तमानपत्रांचा वाचक घटला म्हणून खोली गेली असेल, असा तर्क मनात आला तरी तो उत्तरात येऊ नये. प्रश्न दिसते ते निवडून सांगायला आणि तुलना करायला सांगतो.

आधी काळ, मग बदल

आराखडा समोर आला की पहिला प्रश्न काळाचा. एक आराखडा जुना आणि दुसरा आजचा असेल, तर एक क्रियापदरूप लागते. दुसरा भविष्यातल्या योजनेचा असेल, तर वेगळे. दोन्ही भूतकाळातले असतील, म्हणजे 1990 आणि 2010 असे असेल, तर आणखी वेगळे. 'हॅज बीन कन्व्हर्टेड', 'विल बी कन्व्हर्टेड' आणि 'वॉज कन्व्हर्टेड' या तीन रूपांतली निवड वर्णन सुरू होण्याआधीच झालेली असते. ती आराखड्यावर छापलेली तारीख करते. शीर्षक न वाचता लिहायला घेणाऱ्याची सगळी वाक्ये एकाच चुकीने बाधित होतात.

दुसरा प्रश्न बदलाच्या जातीचा. ढोबळमानाने सहा जाती पुरतात: जागा तीच पण वापर बदलला, वस्तू एका ठिकाणाहून दुसरीकडे हलली, आकार वाढला किंवा घटला, एकाची दोन झाली किंवा दोनांची एक झाली, काही नव्याने आले, काही गेले. सातवी गोष्ट बदल न झाल्याची, आणि ती लिहायला मुले हमखास विसरतात.

या जाती समजायला आपल्याकडच्या दोन वास्तू पुरेशा आहेत. पुण्याच्या शनिवारवाड्याचे भूमिपूजन 10 जानेवारी 1730 रोजी झाले आणि 1828 च्या आगीत आतला लाकडी वाडा जळून गेला. तटबंदी, बुरूज आणि उत्तरेकडचा दिल्ली दरवाजा राहिला. आत उरली ती जोती, आणि त्यांच्यामध्ये आज हिरवळ आहे. बाहेरची चौकट टिकली आणि आतली मांडणी नाहीशी झाली, हे याचे समग्र चित्र.

पणजीचा आदिलशाही राजवाडा याच्या उलट. मांडवीच्या काठावरची ही वास्तू 1759 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयचे निवासस्थान झाली. गोवामुक्तीनंतर तिथे सचिवालय आणि विधानसभा आली. 2000 मध्ये विधानसभा पर्वरीला गेली. इथे इमारत उभीच राहिली. बदलत गेला तो वापर. या दोन वास्तूंचे वर्णन शेजारी-शेजारी लिहून घेतले, तर 'नष्ट झाले' आणि 'रूपांतर झाले' यांतला फरक विद्यार्थ्याला पुन्हा सांगावा लागत नाही.

मराठी जिथे अडवते

आपल्या मुलांच्या चुका विखुरलेल्या नसतात. त्या मराठीच्या घडणीतून येतात, म्हणून त्या ओळखता येतात आणि दुरुस्तही करता येतात.

पहिली अडचण 'समोर' या शब्दाची. दिल्ली दरवाजाच्या समोर बाजीरावांचा पुतळा आहे, आणि रस्त्यापलीकडच्या दुकानालाही आपण दरवाजासमोरचे दुकान म्हणतो. इंग्रजीत पहिल्याला 'इन फ्रंट ऑफ' आणि दुसऱ्याला 'ऑपोझिट' लागते. 'मध्ये' तर तीन कामे करतो: खोलीमध्ये, दोन खोल्यांमध्ये, खोलीच्या मध्ये. इंग्रजीत तिन्हीकडे शब्द वेगळा. 'वर' हा शब्द टेबलाला चिकटलेल्या वस्तूलाही चालतो आणि वरच्या मजल्यालाही.

दुसरी अडचण दिशेची. 'शाळेच्या उत्तरेला मैदान आहे' म्हटले, की मैदान शाळेच्या हद्दीबाहेर; 'शाळेच्या उत्तर भागात मैदान आहे' म्हटले, की हद्दीच्या आत. नीट बोलणारा मराठी माणूस हा भेद करतो, पण घाईत आपण दोन्हीला 'उत्तरेला' म्हणून जातो. इंग्रजीत 'टू द नॉर्थ ऑफ' आणि 'इन द नॉर्थ ऑफ' यांत हाच भेद आहे, आणि आराखड्याच्या प्रश्नात तो चुकला की आतली खोली अंगणात जाऊन पडते.

तिसरी अडचण क्रियापदाची आणि सर्वांत खोल. 'भिंत पाडली' हे मराठीत पूर्ण वाक्य आहे. कोणी पाडली हे सांगायची गरज नाही; क्रियापद भिंतीशी जुळते आणि काम भागते. हे वाक्य जसेच्या तसे इंग्रजीत नेले की कर्ता हरवतो. मग मुले तिथे 'दे' घालतात आणि संपूर्ण उत्तरात कुणीतरी अज्ञात मंडळी भिंती पाडत फिरतात. मराठीत कर्मणी प्रयोग आपण नकळत बोलतो. त्याच जाणिवेला बोट धरून इंग्रजीच्या कर्मणी रूपाकडे नेले, तर हा भाग अवघड राहत नाही. व्याकरणाच्या तासाला जे रूप कोरडे वाटते, त्याची खरी गरज इथे दिसते.

चौथी अडचण 'अ' आणि 'द' यांची. मराठीत ही उपपदे नाहीत, म्हणून मुले ती अंदाजाने टाकतात. आराखड्यात मात्र एक सोपा नियम बहुतेक ठिकाणी लागू पडतो: जे जुन्या आराखड्यात होते आणि ज्याची ओळख आधी करून दिली, त्याला 'द', जे नव्याने आले, त्याच्या पहिल्या उल्लेखाला 'अ'. कोठाराची मुलांची खोली झाली, या वाक्यात कोठाराला 'द' आणि मुलांच्या खोलीला 'अ'. उपपदे शिकवायला याहून चांगला धडा क्वचित मिळेल.

पाचवी चूक उलटापालटीची. 'क च्या जागी ख आले' हे मराठीत सरळ आहे. 'रिप्लेस्ड बाय' वापरताना मुलांकडून जुने आणि नवे यांची अदलाबदल होते आणि गेलेली वस्तू आलेली ठरते.

दोन शिकवण्या

तयारीच्या दोन रीती सध्या दिसतात. पहिली साच्याची. ठरावीक सुरुवात, ठरावीक जोडवाक्ये आणि वीस-पंचवीस क्रियापदांची यादी पाठ करून घेतली जाते. घाबरलेल्या विद्यार्थ्याला तिने धीर येतो, हे खरे. पण प्रश्नातलीच वाक्ये उतरवून काढली तर त्यांना श्रेय मिळत नाही, आणि पाठ केलेली भाषा तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. शिवाय साचा समग्र चित्र देऊ शकत नाही, कारण ते प्रत्येक आराखड्याचे वेगळे असते.

दुसरी रीत पाहण्याची. वीस मिनिटांतली पहिली चार-पाच मिनिटे काहीही न लिहिता आराखडे वाचायचे. काय हलले नाही ते आधी शोधायचे, कारण तेच वर्णनाचे खुंटे होतात. मग बदल कोणत्या बाजूला एकवटले ते पाहायचे. त्यानंतर एक दिशा धरून फिरायचे: दारातून आत आणि डावीकडून उजवीकडे, किंवा उत्तरेकडून दक्षिणेकडे. शेवटची दोन-तीन मिनिटे काळ, उपपदे आणि दिशा तपासायला ठेवायची. शिकवायला ही रीत वेळ घेते, परंतु परीक्षेत तीच टिकते.

आपल्या शाळांत या रीतीची बीजे आहेत. महाराष्ट्राच्या दहावीच्या इंग्रजीत 'इन्फर्मेशन ट्रान्सफर' हा प्रश्न असतो: तक्त्यावरून परिच्छेद किंवा परिच्छेदावरून तक्ता. तोच धागा पुढे ओढून वर्गाच्या आराखड्यापर्यंत नेता येतो. त्यासाठी एक साधा सराव पुरतो. दोन मुले पाठीला पाठ लावून बसतात. एकाच्या हातात आराखडा, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद. पहिल्याने सांगायचे, दुसऱ्याने काढायचे. हा खेळ आधी मराठीत, वारलीत, कोकणा बोलीत, गुजरातीत, ज्या भाषेत घर चालते त्या भाषेत होऊ द्यावा. दाराची जागा चुकली की सांगणाऱ्याला स्वतःचे तोकडेपण तत्काळ दिसते. त्यानंतर तोच आराखडा इंग्रजीत.

कोणाला अवघड, कोणाला सोपा

या प्रश्नावर एक गंभीर आक्षेप आहे. जिथे रिसेप्शन, फॉयर, कॅफे आणि लाउंज असतात अशा इमारती कोणी पाहिल्या आहेत? मुंबई-पुण्याच्या मुलाने निदान काही पाहिल्या असतील. दादरा-नगर हवेलीतल्या खानवेलच्या बाजूच्या पाड्यावर कुडाच्या घरात वाढलेल्या मुलीने नसतील. आराखड्यावर नावे छापलेली असतात, त्यामुळे शब्द हाताशी येतो. पण फॉयरमध्ये माणसे काय करतात हे ठाऊक नसेल, तर नजर अडखळते आणि वेळ जातो. परीक्षेचे शुल्क पंधरा हजार रुपयांहून अधिक असताना ही अडखळ महाग पडते.

दुसरा आक्षेप अभ्यासाच्या बाजूने आहे. विद्यापीठात कोणी नुसते वर्णन मागत नाही. कारणे आणि निष्कर्षही मागतात. मग कारणे वगळायला लावणारा प्रश्न उच्च शिक्षणाची तयारी कशी तपासतो?

दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. तरीही हा प्रश्न टाकाऊ आहे असे मला वाटत नाही. निरीक्षण आणि तर्क वेगळे ठेवता येणे ही प्रयोगशाळेतली, रुग्णालयातली आणि न्यायालयातलीही पहिली शिस्त आहे. जे दिसले ते आधी अचूक सांगता यावे, मग त्याचा अर्थ लावावा. आणि अनोळखी इमारतींबद्दल म्हणाल, तर पाड्यावरची मुलगी जागेच्या भाषेत मुळीच गरीब नाही. उगवतीला दार, चुलीमागची भिंत, गोठ्याच्या अंगाला ओटा, हे ती अचूक सांगते. कोकणातल्या मुलाला ओटी, पडवी, माजघर आणि परसदार यांची जागा आणि एकमेकांशी असलेले नाते पाठ असते. पडवी बंदिस्त करून खोली केली, परसात न्हाणीघर बांधले, हे त्याने घरातच पाहिलेले असते. आराखड्याच्या प्रश्नाला लागणारी दृष्टी हीच. कमी पडते ते त्या दृष्टीपासून इंग्रजी वाक्यापर्यंतचे अंतर पार करायला लावणारे शिक्षण.

ते शिक्षण परक्या क्रीडासंकुलापासून सुरू होऊ नये. सिल्वासात आदिवासी संग्रहालय आहे. त्याच्या दालनांचा आराखडा मुलांकडून काढून घेता येईल. शाळेची जुनी इमारत आणि नवी इमारत यांची तुलना करता येईल. आजी-आजोबांना विचारून घराचे दोन आराखडे काढता येतील: बाबा लहान असतानाचा आणि आजचा. यासाठी शुल्क लागत नाही, पुस्तक लागत नाही. एक कागद, पट्टी, पेन्सिल आणि वरच्या कोपऱ्यात उत्तर दाखवणारा बाण पुरतो.

इंग्रजीच्या शिक्षकांना म्हणून एक विनंती. पुढच्या तासाला शब्दांची यादी देण्याआधी मुलांना त्यांच्या स्वतःच्या घराचे हे दोन आराखडे काढायला सांगा. बोट न दाखवता, आधी आपल्या भाषेत, ते बदल शेजारच्या मुलाला सांगायला लावा. त्याच्या कागदावर घर बरोबर उमटले, की मग इंग्रजीला हात घाला.